चार नंबर लेनचे बाबा

तरणतलावाच्या पायऱ्यांवर आईबापांना आडनाव नसतं. शेजारी शेजारी बसून वर्षं जातात, एकमेकांच्या डब्यातला उपमा खाऊन होतो, पण हे जोशी की जाधव ते कळत नाही आणि कुणाचं अडतही नाही. "बॅकस्ट्रोकच्या आई आज दिसल्या नाहीत?" "गॉगल हरवणाऱ्याचे आजोबा येऊन गेले का?" "उल्हासनगर कॅम्प चारवाली मम्मी म्हणत होती, उद्या सुट्टी आहे." सगळा व्यवहार असा. ह्या गोतावळ्यात एक माणूस हमखास असतो, ते म्हणजे चार नंबर लेनचे बाबा. आठ लेनच्या तलावात शर्यतीच्या वेळी चार नंबरची लेन सगळ्यात चांगलं टायमिंग असलेल्याला देतात. रोजच्या सरावाला तसं काही नसतं, आधी उडी मारेल त्याची लेन. पण ह्या बाबांची मुलगी सरावालाही चारमध्येच, कारण वॉचमन फाटक उघडायला येतो तेव्हा बाबा तिथे आधीच उभे असतात आणि जुडग्यातली किल्ली कुठली ते त्याला सांगत असतात.

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला तुम्ही पोरं पोहायला घातली असतील, तर ते तुमच्या ओळखीचे आहेत. कदाचित तुमच्या घरातच आहेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, पोट किंचित सुटलेलं, हाफ पँट, पायात फ्लोटर. गळ्यात दोरी आणि दोरीला स्टॉपवॉच. खांद्यावर मुलीची बॅग. बॅगेत दोन टोप्या, तीन गॉगल, खजुराची डबी, उकडलेली रताळी, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी आणि ती फाटली तर म्हणून आणखी एक. नोकरी बहुधा अंबरनाथच्या एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलला. मोजायची सवय तिथून लागते आणि तिथे ठेवून येता येत नाही. त्यांना स्वतःला पोहता येतं का, हे विचारू नये. मी एकदा विचारलं. "पाण्यातलं मला कळतं," एवढं म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहायला लागले.

त्यांची तीन वाक्यं आहेत. पहिलं, "आमचं अजिबात प्रेशर नाही हं." हे ते सकाळी सव्वापाचला म्हणतात, आणि म्हणताना ज्या मुलीकडे बघतात तिला साडेचारला उठवून, बिटाचा रस पाजून, स्कूटरवर अर्धवट झोपेत बदलापूरच्या कात्रपहून अंबरनाथला आणलेलं असतं. दुसरं, "सर चांगलेच आहेत, पण..." ह्यानंतर पाऊण तास जातो. तिसरं, "मी काही बोलत नाही." हे ऐकलं की अनुभवी पालक मांडी बदलून नीट टेकून बसतात.

खरं तर हे सगळं टायमिंगसाठी सुरू झालेलंच नव्हतं. बदलापूरच्या माणसाला पोहण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही, उल्हास नदी ते अधूनमधून दारात येऊन सांगून जाते. २६ जुलै २००५ चं पाणी ज्यांनी पाहिलं ते आजही जुलै लागला की मोटारसायकल उंचावर लावतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. गाडीत हजाराच्या वर माणसं, त्यांना काढायला एनडीआरएफच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, डोक्यावर हेलिकॉप्टर. बाबांनी ते टीव्हीवर पाहिलं, आणि हेलिकॉप्टर तर गॅलरीतूनच ऐकलं. त्याच रात्री त्यांनी जाहीर केलं की पोरीला पोहता आलं पाहिजे. बस, बुडू नये, एवढंच. बायकोने मान डोलावली. ती माउली आता म्हणते, तेव्हाच स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायला हवं होतं.

बुडेनाशी झाल्यावर चारही स्ट्रोक यावेत असं ठरलं. चारही आल्यावर, आता आलेच आहेत तर जिल्ह्याला नाव द्यायला काय हरकत आहे, असं निघालं. जिल्ह्याला ती हीटमध्ये तिसरी आली. घरी परतताना बाबा उल्हासनगरला उतरले आणि स्टॉपवॉच घेऊन आले. दुकानदाराने अमेरिकन म्हणून दिलं. इथला माल मेड इन यूएसए असतो आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या पट्ट्यात इतका जुना आहे की आता दुकानदारच आधी तो सांगतो आणि मग भाव सांगतो. घड्याळ मात्र अजून चालतंय. पाण्यात दोनदा पडलं तरी.

आजोबांना ह्यातलं काहीच पटत नाही. त्यांच्या लहानपणी पाठीला सुका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचे, विहिरीच्या काठावर उभं करायचे आणि मागून चुलता ढकलायचा. वर आला की शिक्षण पूर्ण. फी नाही, बॅच नाही, सर्टिफिकेट नाही.

"आणि एखादा वर नाही आला तर?" बाबा विचारतात.

"डबा येतोच की वर," आजोबा म्हणतात.

त्या चुलत्यापासून आजच्या सरांपर्यंत बरीच सुधारणा झालेली आहे. सरांच्या हातात एक लांब बांबू असतो. तो कशासाठी, ह्यावर दोन मतं आहेत. सर म्हणतात, दमलेल्या मुलाला धरायला. मुलं म्हणतात, थांबलेल्या मुलाला ढोसायला. बाबांनी ह्या बांबूवर स्वतंत्र अभ्यास केला आणि महिनाभरात तो किती वेळा कुठल्या कामी आला ह्याचा तक्ता सरांना दिला. सरांनी तक्ता बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि बांबूने पाण्यातली पडलेली टोपी काढली. तिसरा उपयोग.

सर म्हणजे साधा माणूस. आवाज बसलेला, कान क्लोरीनने गेलेले, टॅन झालेल्या अंगावर बनियनची खूण. "वॉर्मअप चारशे. मग आठ पन्नास, मिनिटावर. चला, गप्पा नंतर." एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. पण बाबांना प्रत्येक सेटमागचं कारण हवं असतं. आज किक का? काल पुल का? दोनशेचे चार का, शंभरचे आठ का नाहीत? सर एकदा म्हणाले, "काका, शंभरचे आठ केले तर तुम्ही विचाराल दोनशेचे चार का नाही." बाबांनी हे वहीत लिहिलं. त्यांना त्यात मुद्दा दिसला होता.

विषय कुठलाही निघो, बाबांची गाडी कोल्हापूरला पोचते. "वीरधवल," असं ते नुसतं नाव घेतात, जणू शाळेत एका बाकावर होते. मग सगळं क्रमाने येतं. वीरधवल खाडे, कोल्हापूरचा मुलगा, सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. त्याआधी १९८६ ला सोलमध्ये खजानसिंगने २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य आणलं होतं, म्हणजे मधली चोवीस वर्षं भारताला आशियाई स्पर्धेत पोहण्यातलं पदकच नाही. मग सरकारने वीरधवलला तहसीलदार केलं. इथे बाबांचा आवाज खाली जातो. बाबा स्वतः मुलीसाठी खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाची सगळी माहिती काढून बसलेत, दहावीच्या ग्रेस मार्कांचंही सगळं त्यांना पाठ आहे, त्यामुळे नोकरी मिळाली ह्यात वाईट काय हे त्यांना धड सांगता येत नाही. "पण सातबारा बघायचा की टर्न मारायचा?" एवढंच म्हणतात. आणि मग २०१८. जकार्ता. ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल. वीरधवल २२.४७. कांस्य मिळालं जपानच्या पोराला, २२.४६.

"एक शतांश!" बाबा अंगठ्याचं नख दाखवतात. "एवढं. नख थोडं वाढलेलं असतं तरी पदक होतं."

म्हणून त्यांच्या घरी स्पर्धेच्या आधी दोन आठवडे मुलीची नखं कापत नाहीत. शाळेच्या बाईंनी डायरीत शेरा दिला, तर बाबांनी खाली जकार्ताचा निकाल लिहून सही केली.

मला ह्यातलं कोडं उलगडत नाही ते वेगळंच. हा माणूस मध्य रेल्वेने येतो-जातो. गाडी वीस मिनिटं उशिरा आली की "आज बरी आहे" म्हणतो. पन्नास मीटरच्या तलावात सराव हवा म्हणून रविवारी पहाटेची बदलापूर लोकल धरून मुलीला मुंबईला नेतो, सिग्नल गेला म्हणून कल्याणच्या अलीकडे अर्धा तास शांतपणे बसून राहतो, आणि तिथे पोचल्यावर मुलीने टर्नला चार शतांश घालवले म्हणून दिवसभर जेवत नाही.

शतांशाचं त्यांचं ज्ञान मात्र पक्कं आहे, हे मान्य केलं पाहिजे. लांब टोकाला उभं राहून शिट्टीच्या आवाजावर घड्याळ सुरू करायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे. आवाजाला पन्नास मीटर यायला जवळजवळ पंधरा शतांश सेकंद लागतात. दिवा बघायचा, नाहीतर स्टार्टरचा हात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची गोष्ट ते लहान मुलांनाही सांगतात. ४०० मीटर मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघंही ४ मिनिटं ३१.९८ सेकंदांत आले. मग हजारांश बघितले आणि दोन हजारांशांनी लार्सनला सुवर्ण दिलं. पुढे नियमच बदलला, शतांशापर्यंत सारखं असेल तर बरोबरी. कारण हजारांश सेकंदात पोहणारा सरकतो फार तर दोन-अडीच मिलिमीटर, आणि तलाव बांधणाऱ्या गवंड्याकडून प्रत्येक लेन इतकी काटेकोर होत नाही. रिओला २०१६ मध्ये १०० मीटर बटरफ्लायचं रौप्य म्हणूनच तिघांना वाटलं, फेल्प्स, ल क्लो आणि चेह, तिघंही ५१.१४.

हे सगळं सांगून झालं की बाबा आपल्या यूएसए घड्याळावर मुलीचं टायमिंग घेतात आणि म्हणतात, "सहा शतांश सुधारली."

सर एकदा न राहवून म्हणाले, "काका, पोरगी नाही, तुमचा अंगठा सुधारलाय." हाताने घेतलेल्या वेळेत अंगठाच दहा-वीस शतांश इकडेतिकडे करतो. सगळ्या पायऱ्या हसल्या. बाबाही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते दोन घड्याळं घेऊन येतात आणि सरासरी काढतात.

खेळाडूंच्या भल्याबद्दल बोलायचं तर आमच्या तलावावर त्यांच्याइतका वाचलेला माणूस नाही. ह्या विषयावर ते दर शनिवारी पायऱ्यांवर एक व्याख्यान देतात. मुलांवर दडपण आणू नका. मुलांची तुलना करू नका; आणि तुलनेने काय नुकसान होतं ते पटवायला वही उघडून तुमच्या-आमच्या पोरांची गेल्या सहा महिन्यांची टायमिंग शेजारी शेजारी दाखवतात. माझा मुलगा त्यात शेवटचा आहे. तो पोहतो म्हणजे बुडत नाही. बाबांनी त्याच्या नावापुढे 'आनंदी' असं लिहिलंय. ते कौतुक आहे की निदान, मला ठरवता आलेलं नाही.

पूर्व जर्मनीचा धडा त्यांचा आवडता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या मुलींनी पोहण्यातली तेरापैकी अकरा सुवर्णपदकं नेली. त्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून काय दिलं जात होतं ते नंतर बाहेर आलं, २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयात वरिष्ठांना शिक्षा झाल्या, पण त्या बायकांची शरीरं तोवर बिघडून गेली होती. "कोण काय देतंय, विचारलंच पाहिजे," बाबा कळकळीने सांगतात, आणि ते बरोबरच आहे. सांगता सांगता ते शेकरमध्ये एक तपकिरी पावडर घोळवत असतात. कसली आहे, विचारलं. म्हणाले, नाचणी सत्त्व, मावशीने केलंय, कर्जतहून आलंय. कर्जतच्या मावशीवर संशय घेण्याची कुणाची हिंमत नाही.

ऑस्ट्रेलियाचंही त्यांनी वाचलं. २०२१ मध्ये मॅडी ग्रोव्हज ही ऑलिंपिक पदकविजेती पोहणारी निवड चाचणीतून बाहेर पडली आणि मुलींना ह्या खेळात कसं वागवलं जातं त्यावर उघड बोलली. चौकशी समिती बसली, जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या जलतरण संघटनेने माफी मागितली. मुलींच्या वजनावरून, अंगावरून प्रशिक्षक जे बोलायचे ते त्या अहवालात होतं. हे वाचल्यावर बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीतला वजनाचा रकाना पट्टी लावून काट मारून बंद केला. मला स्वतः दाखवला. आता ते फक्त पोळ्या मोजतात.

ह्या सगळ्या शहाणपणाचा आवाज मात्र मोठा आहे. मुलगी फ्लाय मारत असते, मान ताठ झालेली असते, आणि बाबा काठाने तिच्याबरोबर धावत असतात: "खांदे सैल सोड! रिलॅक्स! अगं रिलॅक्स!" 'रिलॅक्स' हा शब्द मी कुणाच्या तोंडून इतक्या त्वेषाने ऐकलेला नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी खिडकीतून विचारलं होतं, कोण बुडतंय का म्हणून.

पाण्यावरही त्यांचं लक्ष असतं. खिशात पीएच बघायच्या पट्ट्या. आल्याबरोबर एक बुडवणार, उजेडाकडे धरून रंग बघणार आणि फिल्टर प्लांटच्या माणसाला हाक मारणार. लोकांना वाटतं, वास आला म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ आहे. तसं नसतं. तो डोळ्यांत जाणारा वास क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळून जे तयार होतं त्याचा असतो. जितका उग्र वास तितकी पोरांनी आंघोळ न करता उडी मारलेली. बाबांनी हे कळल्यावर शॉवरपाशी उभं राहून प्रत्येक मुलाला आधी अंगावर पाणी घ्यायला लावायला सुरुवात केली. मोठ्यांच्या बॅचलाही. कॅम्प तीनचे एक घाऊक कापडवाले शेठ पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणी आपल्याला "आंघोळ केली का?" विचारलं म्हणून थक्क झाले. पण केली.

एका गोष्टीसाठी मी ह्या माणसाला बाकीचं सगळं माफ करतो. सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यातून ती बातमी आली. पंधरा वर्षांच्या जलतरणपटू मुलीचा तिच्याच प्रशिक्षकाने लैंगिक छळ केल्याची. व्हिडिओ बाहेर आला, अटक झाली, राष्ट्रीय महासंघाने त्याच्यावर देशभर बंदी घातली. त्या आठवड्यात पायऱ्यांवर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळे नुसते पाण्याकडे बघत होते, आणि बघता बघता सरांकडे, आणि मग सरांकडे बघितलं म्हणून लाजून खाली. बाबांची मुलगी तेव्हा अजून बोर्ड धरून पोहत होती. बाबा "मी काही बोलत नाही" म्हणाले नाहीत. त्यांनी अर्ज लिहिला. मुलींच्या बॅचला काठावर एक बाई असली पाहिजे. कपडे बदलायच्या खोलीपाशी महिला कर्मचारी हवी, खिडकीची फुटलेली काच बदलली पाहिजे. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलीला एकटीला प्रशिक्षकाबरोबर पाठवायचं नाही, एक तरी आई बरोबर. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि नंबर फाटकावर लावायचा. अर्ज घेऊन ते आधी सरांकडेच गेले. सरांनी वाचला, चष्मा पुसला आणि पहिली सही केली. "माझीही मुलगी आहे, काका," एवढंच म्हणाले.

मग बाबा ऑफिसात खेटे घालत राहिले. साहेब नाहीत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेबांची बदली झाली. सोबत ते रकान्यांचा कागद नेत, आपण कधी आलो आणि काय उत्तर मिळालं त्याचा. मला वाटतं, शेवटी त्या कागदाला कंटाळूनच काच बदलली. काठावर बाईही आल्या. त्या अजून येतात, खुर्ची टाकून मेथी निवडत बसतात आणि त्यांची नजर एक क्षणही मेथीवर नसते. आज मुलींच्या आया निवांत भाजी आणायला जातात. हे कुणामुळे, त्यातल्या नव्या आयांना ठाऊकही नाही. त्यांच्या लेखी बाबा म्हणजे ते दोन घड्याळंवाले.

मुलगी मोठी झाली तसे वहीचे काही प्रश्न अवघड झाले. एका आठवड्यात टायमिंग एकदम घसरलं. बाबांनी झोप तपासली, रताळी तपासली, पीएच तपासला. सरांवर संशय घेतला, सरांनी हात वर केले. शेवटी बॅकस्ट्रोकच्या आईंनी त्यांना बाजूला घेऊन दोन वाक्यांत समजावलं. बाबा कानापर्यंत लाल झाले. "हो हो, बरोबर, बरोबर," म्हणत टोपी शोधायला लागले, जी त्यांच्या डोक्यावर होती. दुसऱ्या दिवशी वहीत नवा रकाना होता, 'इतर'. त्यात महिन्यातून चार-पाच दिवस पेन्सिलीने बारीकसा ठिपका असतो, आणि त्या दिवसांत दोन्ही घड्याळं खिशात राहतात. ह्यावर ते व्याख्यान देत नाहीत. मागच्या महिन्यात एका नव्या बाबांना मात्र कोपऱ्यात घेऊन काहीतरी कुजबुजताना दिसले. नवे बाबा कानापर्यंत लाल होते.

गेल्या मोसमात जिल्ह्याची स्पर्धा झाली. १०० मीटर बटरफ्लाय. मुलगी खरंच सुरेख पोहली. दुसरी आली, बाबांच्या दोन्ही घड्याळांचं एकमत झालं, आणि स्पीकरवरून जाहीर झालं, लेन चार, डीक्यू, म्हणजे बाद. टर्नला दोन्ही हात एकदम लागले नाहीत. बटरफ्लायला आणि ब्रेस्टला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत. बाबा पेन काढून उठले. लेखी आक्षेप, सोबत फीचे पैसे. नियमाचं कलम त्यांना तोंडपाठ होतं. अर्धं पान लिहून झालं तोवर मुलगी टॉवेल गुंडाळून वर आली.

"बाबा, काय लिहिताय?"

"तुझा हात लागला होता. मी इथून बघितलंय."

"एकच लागला. दुसरा मागे राहिला."

"नक्की?"

"माझा हात आहे, बाबा."

बाबांनी कागदाकडे बघितलं, पेनाचं टोपण लावलं. थोड्या वेळाने म्हणाले, "पण टायमिंग बघ तरी." ती घड्याळाकडे न बघता डबा उघडून रताळी खायला लागली. मी शेजारीच होतो. मलाही एक दिलं.

त्याच महिन्यात सरांनी मुलींचा वॉटरपोलोचा संघ करायचं काढलं. कोण येणार विचारल्यावर पहिला हात लेन चारमधून वर आला. "सर, ह्यात टायमिंग नसतं ना?" तिने विचारलं. सर म्हणाले, "नसतं. गोल असतात." "मग मी."

त्यानंतर काही दिवस बाबा आलेच नाहीत. मुलीला आई सोडायची. पायऱ्यांवर इतकी शांतता पसरली की फिल्टरचा पंप ऐकू यायला लागला. शनिवारचं व्याख्यान नसल्यामुळे आम्ही एकमेकांशी बोलायला लागलो, तर बॅकस्ट्रोकच्या आई माझ्या बायकोच्या मावसबहिणीच्या नणंद निघाल्या. वॉचमनला किल्ली सापडायला वेळ लागू लागला. सर दोनदा माझ्यापाशी येऊन म्हणाले, "काका बरे आहेत ना?"

मग एके सकाळी ते फाटकापाशी उभे. हातात नवी वही.

"हंगेरी," ते मला म्हणाले. गुड मॉर्निंगसुद्धा नाही. "ऑलिंपिकमध्ये पुरुषांची नऊ सुवर्णं. २०००, २००४, २००८, ओळीने तीन. का? बसा, सांगतो." मी बसलो. त्यांनी मेलबर्न १९५६ चा हंगेरी आणि सोव्हिएत रशियाचा सामना सांगितला, ज्यात एर्विन झाडोर ह्या खेळाडूचा चेहरा फुटून रक्त आलं आणि प्रेक्षक खवळले. तो वाचल्यापासून त्यांना झोप नाही. पोरीच्या टोपीला कानांवर प्लास्टिकच्या वाट्या आहेत, त्यांची जाडी त्यांनी व्हर्नियरने मोजली आहे. आणि नखं. वॉटरपोलोत सामन्याआधी रेफ्री नखं तपासतो, वाढलेली चालत नाहीत. काल रात्री त्यांनी स्वतः तिची नखं कापली, वरून कानस फिरवली. ती फोन बघत बसली होती म्हणे, दोन्ही हात सोडून.

"म्हणजे घड्याळाचं काम संपलं," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?" बाबांचे डोळे चमकले. "चेंडू हातात आला की ठरलेल्या सेकंदांत गोलवर मारावाच लागतो. मारला नाही तर चेंडू गेला. घड्याळ आहे! उलटं चालतं, एवढंच." त्यांनी गळ्यातली दोरी सरळ केली. "मला आता गोलकीपरच्या हाताचा वेग काढायचाय. तुमचा मुलगा गोलमध्ये उभा राहील का? बुडत नाही तो. आणि चेंडू तुम्ही फेका."

सध्या रविवारी सकाळी मी चेंडू फेकतो. माझा मुलगा गोलमध्ये मजेत असतो, येईल तो चेंडू जाऊ देतो आणि हसतो. माझा नेम डावीकडे जातो, सरासरी सव्वा हात, असं बाबांचं म्हणणं आहे, आणि त्यावर त्यांनी मला खांद्याचे तीन व्यायाम लिहून दिलेत. प्रेशर मात्र अजिबात नाही म्हणाले.